साक्ष द्यायचीच का? जालन्याच्या एका ताईंना उत्तर

पत्र (थोडं कमी करून):

"मावशी, जय ख्रिस्त. मी जालना जिल्ह्यातली आहे. माझे मिस्टर सळईच्या कारखान्यात कामाला होते. शुगर आणि बीपीनं दोन्ही किडन्या गेल्या, दोन वर्षं संभाजीनगरला डायलिसिस चालू होतं, मागच्या वर्षी ते गेले. आजारपणात बाहेरगावचे एक प्रचारक घरी आलते, म्हणाले मशीन सोडा आणि विश्वास धरा. आम्ही सोडलं नाही. मयतीनंतर त्यांच्याच सभेतल्या दोघी मला म्हणाल्या की तुम्ही मशीनवर विश्वास ठेवला, प्रभूवर नाही. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की तोंडात शब्दच येत नाही. चर्चला जाते कारण नाही गेलं तर लोक विचारतात. प्रभुभोजन घेताना वाटतं मी ढोंग करायले. आता वर्षाची स्मरणाची प्रार्थना ठेवलीय आणि पाळक साहेब म्हणतात तुम्ही साक्ष द्या, प्रभूने दिलं प्रभूने नेलं असं म्हणा, लोकांचा विश्वास वाढेल. लेक नववीत आहे, ती विचारते येशूनं पप्पाला बरं का नाही केलं. मला उत्तर येत नाही. माझा विश्वास खोटा होता का? आणि खरा असेल तर तो टिकवायचा कसा?"

ताई, जय ख्रिस्त.

आधी स्मरणाच्या सभेचं सांगते, कारण पत्र वाचून वाटलं की तेच तुमच्या डोक्यात रात्रंदिवस घोळायलंय. जे आत नाही ते उभं राहून बोलू नका. तुम्हाला साक्ष द्यायची नसेल, म्हणजे चारचौघांत आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायचा नसेल, तर देऊ नका, आणि त्यात प्रभूचा काही अपमान होत नाही.

पाळक साहेबांनी जे वाक्य सांगितलं ते पवित्र शास्त्रातल्या ईयोबाचं आहे, त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं, आणि खरंच फार मोठं वाक्य आहे, एका दिवसात बैल गेले, मेंढरं गेली, उंट गेले, सात पोरं आणि तीन पोरी घर कोसळून गेल्या आणि तो माणूस जमिनीवर पडून असं बोलला. पण आपल्याकडं मयतीत हे एक वाक्य वाचतात आणि पुस्तक मिटतात. त्या पुस्तकाला 42 अध्याय आहेत हो. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब तोंड उघडून स्वतःच्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, म्हणतो मी आईच्या पोटातच का मेलो नाही. आणि पुढं कितीतरी अध्याय तो देवाशी भांडतोय, मला कोर्टात उभं करा म्हणतोय, माझं काय चुकलं ते दाखवा म्हणतोय. त्याला भेटायला तिघं मित्र आले, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आणि पहिले सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसत होतं. मला विचाराल तर त्या तिघांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. नंतर तोंड उघडलं आणि घोटाळा झाला, तुझं काहीतरी पाप असेल, कबूल कर, देव उगाच असं करत नाही. आणि शेवटी देव कोणावर रागावला? ईयोबावर नाही. 42व्या अध्यायात तो अलीफजाला सरळ म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा राग पेटलाय, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे जो रडला, ओरडला, भांडला तो बरोबर आणि जे देवाची बाजू घेऊन गोड गोड बोलत होते ते चूक. मग त्याच मित्रांसाठी ईयोबाला प्रार्थना करावी लागली.

त्या दोघी तुम्हाला जे बोलल्या ते याच मित्रांचं बोलणं आहे ताई. मला ते वाचून फार वाईट वाटलं आणि रागही आला, तो लपवत नाही. मी नर्सिंगमध्ये आयुष्य काढलंय, किडनीच्या वॉर्डातही काम केलंय, म्हणून स्पष्ट सांगते. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी बाहेर काढायला शरीराकडे दुसरा रस्ता नसतो, ते काम मशीन करतं, आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. मशीन किडनी बरी करत नाही, किडनीचं काम करतं. ते बंद केलं तर पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं, फुफ्फुसात पाणी भरतं आणि बहुतेक पेशंट काही दिवसांत किंवा एखाद-दोन आठवड्यांत जातात. तुम्ही त्या प्रचारकाचं ऐकलं असतं तर तुमच्या लेकीला बापाबरोबर ती दोन वर्षं मिळाली नसती. तुम्ही जालन्याहून संभाजीनगर, संभाजीनगरहून जालना अशा ज्या चकरा मारल्या, डबा बांधून, पाणी मोजून पाजून, ते प्रेम होतं आणि ते विश्वासाच्या आड कुठंच येत नव्हतं.

आणि हे मी नर्स म्हणून बोलायले असं कुणी म्हणेल, तर पवित्र शास्त्रच उघडा. हिज्कीया राजा मरायला टेकला, त्यानं रडून प्रार्थना केली, देवानं आयुष्याची 15 वर्षं वाढवून दिली, आणि त्याच अध्यायात यशया संदेष्टा सांगतो की अंजिरांचा लेप आणून गळवावर लावा. प्रार्थनाही झाली आणि लेपही लावला, यशयाला त्यात काही भांडण दिसलं नाही. प्रेषित पौलानं आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, लिहिलं की नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. त्याच पौलानं शेवटच्या पत्रात लिहिलंय की त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. बघा, ज्याच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांवर ठेवले तरी लोक बरे व्हायचे असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, तोच माणूस स्वतःच्या सोबत्याला आजारीच सोडून पुढं गेला. पौलाचा विश्वास कमी पडला का? त्रफिमाचा कमी पडला का? पौलाच्या स्वतःच्या शरीरात काटा होता, तीन वेळा विनवलं, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर मिळालं. आणि लूक, ज्यानं शुभवर्तमान लिहिलं, त्याला पौल प्रिय वैद्य म्हणतो. ज्या प्रचारकाला औषध म्हणजे अविश्वास वाटतो त्यानं ही पानं वाचायचीच सोडलीत.

देव बरं करतो का? करतो, माझा त्यावर विश्वास आहे, आणि मी प्रार्थना करायची कधी सोडली नाही. पण बरं झालेला माणूस म्हणजे विश्वासाचा आणि मेलेला माणूस म्हणजे अविश्वासाचा, हा हिशोब शास्त्रात कुठंच नाही. तसं असतं तर सगळे प्रेषित अजून जिवंत असते.

हा हिशोब आपल्याकडं लोकांना लवकर पटतो हेही खरं, ख्रिस्ती असो नाहीतर कुणी असो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते, लातूर-धाराशिवच्या गावांत हजारो माणसं गेली. तेव्हाही लोक विचारत होते की त्या गावांचं काय पाप होतं म्हणून. पाप नव्हतं, दगडमातीच्या जाडजूड भिंती होत्या आणि वर मातीचं जड माळवद होतं, ते झोपेतल्या माणसांवर आलं. येशूला असाच प्रश्न पडलेल्या लोकांशी बोलावं लागलं होतं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली होती, येशू म्हणाला की ते बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? मी सांगतो, नाही. जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणी केलं, यानं का याच्या आईबापानं, तेव्हाही उत्तर तेच, यानंही नाही आणि आईबापानंही नाही. तुमच्या मिस्टरांच्या किडन्या शुगर आणि बीपीनं गेल्या. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात, आणि बऱ्याचदा पायावर सूज येईपर्यंत माणसाला कळतही नाही. त्यात तुमच्या प्रार्थनेचा काही दोष नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न, विश्वास खोटा होता का. ताई, तुम्ही ज्याला अविश्वास म्हणायलात तो मला पत्रात सापडला नाही. प्रार्थनेला शब्द येत नाही म्हणता पण रोज बसता तर आहात. देवाला काही विचारायचंच नसतं तर बसला कशाला असता? आपल्याला लहानपणापासून विश्वास म्हणजे छातीत काहीतरी ऊब वाटणं, डोळे भरून येणं, गीत म्हणताना अंगावर काटा येणं असं वाटत आलंय. ते येतं तेव्हा छान असतं पण तोच विश्वास नाही. एका फेफऱ्याच्या पोराचा बाप येशूपुढं ओरडून म्हणाला की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एकाच श्वासात. येशूनं त्याला आधी अविश्वास झटकून ये असं म्हटलं नाही, पोराला उठवलं. आणि एकदा खूप शिष्य सोडून चालले होते, येशूनं बारा जणांना विचारलं तुम्हीपण जाता का, तेव्हा पेत्र असं म्हणाला नाही की आम्हाला सगळं पटलंय, तो म्हणाला प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार? मला वाटतं मरणानंतरच्या पहिल्या वर्षात माणसाचा विश्वास बहुतेक एवढाच असतो, जायला दुसरं दार नाही म्हणून याच दारात बसणं, आणि तो चालतो.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, त्यातली एक तृतीयांश तरी रडण्याची, तक्रारीची आहेत. हे परमेश्वरा, कुठवर? तू मला विसरलास का? तू तोंड का लपवतोस? हे देवळात म्हणायला लिहिलेलं आहे, चोरून डायरीत नाही. 88वं स्तोत्र काढून बघा, त्यात शेवटपर्यंत उजेड नाही, अंधारावरच संपतं, बाकीच्या स्तोत्रांसारखं शेवटी पण तरी मी स्तुती करीन असंही येत नाही. आणि तेही पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. आणि वधस्तंभावर आपल्या प्रभूनं कोणतं वाक्य उच्चारलं? माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. 22व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो त्याला मरताना हे विचारावं लागलं, मग जालन्याच्या एका बाईनं विचारलं तर तिचा विश्वास खोटा कसा ठरेल?

अजून एक, हे मला नीट सांगायचंय कारण आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, याची फार गल्लत होते. जे झालं ते चांगलं झालं असं म्हणायची सक्ती ख्रिस्ती माणसावर नाही. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा मरणाला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. थेस्सलनीकाच्या लोकांना तो रडू नका म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका म्हणतो, म्हणजे शोक करा, आशा धरून करा. मेलेल्या लाजराला आता उठवणार हे येशूला माहीत होतं तरी तो कबरेकडे जाताना रडला. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत मेलेला माणूस चालत बाहेर येणार हे माहीत असून जो रडतो, त्याला तुमचं रडणं खटकेल का? पुनरुत्थानावर तुमचा विश्वास आहे म्हणून तुम्हाला दुःख कमी व्हायला पाहिजे असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मरण खरोखर शत्रू आहे म्हणूनच तर पुनरुत्थान लागतं. शत्रूला मित्र म्हणायला लागलो तर ईस्टरला आपण नेमकं काय साजरं करतो?

पंडिता रमाबाई तुम्हाला माहीत असतीलच, केडगावच्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, मोठी बहीण गेली, तेव्हा रमाबाई स्वतः सोळा-सतरा वर्षांच्या. मग 1880 मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, लेक झाली आणि 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, 1883 मध्ये. आता त्या दोघींच्या हिशोबानं बाप्तिस्मा झाल्यावर तरी दुःख थांबायला पाहिजे होतं ना? उलट 1921 च्या जुलैत त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली, जिच्यावर पुढचं सगळं काम सोपवायचं होतं ती. वर्ष व्हायच्या आत, एप्रिल 1922 मध्ये, रमाबाई गेल्या. मधल्या काळात त्यांनी दुष्काळातल्या शेकडो पोरीबायांना घर दिलं, अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. या बाईचा विश्वास कमी पडला म्हणून लेक गेली असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग तेच तुम्हाला म्हणायची छाती का होते? तुम्ही मोठ्या नाही, तुम्ही गरीब आहात, तुम्ही उलट बोलणार नाही, म्हणून होते.

टिकवायचं कसं विचारलंत. माझ्याकडं जे आहे ते सांगते, यातलं जे झेपेल ते घ्या. मृग कोरडा गेला म्हणून आपल्याकडं कुणी पेरणीची पाभर मोडीत घालत नाही, ती भिंतीला टेकवून ठेवतात, तसं प्रार्थनेची वेळ आणि जागा तेवढी ठेवा, शब्दांचा आग्रह सोडा. स्वतःचे शब्द नसतील तर दुसऱ्याचे घ्या, रोज रात्री एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, पटो न पटो, आणि जे पटत नाही तिथं थांबून देवाला सांगा की हे मला आज पटत नाही. नाहीतर नुसती प्रभूची प्रार्थना म्हणा. त्यात आम्ही आहे, मी नाही, म्हणजे तुमचा आवाज लागला नाही तरी बाकीचे म्हणायलेत. रोमकरांच्या पत्रात लिहिलंय की आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांनी सांगता न येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी मागतो. मग नुसतं उसासा टाकून बसलात तरी ती प्रार्थनाच आहे, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाही, लिहिलेलंच आहे तसं.

आणि शरीराकडं बघा. एलीया संदेष्टा इतका खचला की रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. त्याला झोप लागली, देवदूतानं उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं, तो परत झोपला, परत उठवून खाऊ घातलं, म्हणाला तुला लांबचा पल्ला आहे. बोलणं पुढं होरेबाच्या डोंगरावर, चाळीस दिवसांनी. दोन वर्षं आजाऱ्याच्या उशाशी काढलेल्या बाईचं शरीर किती थकलेलं असतं ते मी रोज बघितलंय, ती थकवा म्हणत नाही, ती म्हणते माझा विश्वास गेला. हिमोग्लोबिन तपासून घ्या, तुमचीही शुगर आणि बीपी एकदा बघून घ्या. जेवण आणि झोप महिनोन्महिने लागत नसेल, किंवा आपण पण जावं असा विचार येत असेल तर लाजू नका, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा, टेलिमानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, 14416, फुकट आहे, कधीही लागते आणि मराठीत बोलता येतं. मशीनच्या वेळी जसं कुणाचं ऐकलं नाही तसंच यातही ऐकू नका.

प्रभुभोजन, ती भाकर आणि प्याला, घ्यायचं. खेड्यापाड्यात खूप बाया अयोग्य रीतीने खाईल तो दोषी ठरेल हे वाक्य ऐकून महिनोन्महिने मागे बसून राहतात, मला ते बघवत नाही. ते वाक्य करिंथच्या मंडळीला लिहिलंय आणि का लिहिलंय ते तिथंच वर दिलंय, पैसेवाले आधी येऊन खाऊन पिऊन घ्यायचे आणि गरीब विश्वासी उपाशी राहायचे, ज्यांच्याकडं काही नाही त्यांना ते खाली बघायला लावायचे. पौल त्याला अयोग्य म्हणतो. दुःखानं आतून कोरडं पडलेल्या माणसाला नाही. तुम्ही हात पुढं करता तेव्हा तुमच्याकडं द्यायला काही नसतं, घ्यायचंच असतं. त्याला ढोंग म्हणत नाहीत.

लेकीचा प्रश्न. तिनं जे विचारलं ते नवीन नाही, लाजराच्या बहिणी मार्था आणि मरिया दोघींनी येशूच्या तोंडावर हेच म्हटलं होतं, प्रभूजी, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. दोघींनी, वेगवेगळ्या वेळी, तेच वाक्य. येशू रागावला नाही. मार्थेला त्यानं पुनरुत्थानाचं सांगितलं आणि मरिया रडायला लागली तेव्हा तिला काही समजावलं नाही, तो स्वतः रडला. तुमच्या लेकीला आज कोणतं लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण खोटं उत्तर देऊ नका. देवाला चांगली माणसं लवकर लागतात, देवाच्या बागेत फूल पाहिजे होतं, असं लेकरांना सांगतात, मग लेकरू देवालाच घाबरायला लागतं, आता आईची पाळी का म्हणून. तिला सरळ सांगा की मला माहीत नाही गं, मीपण त्याला हेच विचारते. आणि तिला मार्था-मरियेची गोष्ट योहानाच्या 11व्या अध्यायातून सोबत बसून वाचून दाखवा. प्रश्न विचारल्यावर आई गप्प करत नाही आणि येशूही करत नाही, हे तिला या वयात कळलं तर पुढं तिचा विश्वास टिकायची शक्यता जास्त आहे असं मला वाटतं. पप्पांचं नाव घरात घेत राहा, त्यांच्या आवडीची भाजी करा, फोटोकडं बघून दोघी रडलात तर रडा.

आता तुमच्या मंडळीसाठी दोन शब्द, पाळक साहेब हे वाचतील अशी आशा आहे. याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माचरण म्हणजे काय ते लिहिलंय, अनाथ आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपात हयगय झाली म्हणून तक्रार झाली तर प्रेषितांनी सात माणसं त्याच कामासाठी नेमली, विधवांना साक्ष द्यायला उभं केलं नाही. वर्षभरात या ताईंच्या घरी कागदपत्रं घेऊन कुणी बसलं का? कारखान्यात पीएफ कापत असतील तर पीएफची रक्कम आणि त्यासोबतची विधवा पेन्शन, 25 वर्षांखालच्या लेकरांनाही त्यात वेगळी पेन्शन असते, याची चौकशी कारखान्यात आणि पीएफ ऑफिसला करायला पाहिजे. तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म असतो, महिना 1500 रुपये, उत्पन्नाची अट बसली तर. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000 मिळतात. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स काढून मंडळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोरानं ताईंसोबत तहसीलच्या चकरा माराव्यात. लोकांचा विश्वास यानंही वाढतो, कदाचित जास्तच.

त्या दोघींचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाही पण पत्रात त्यांचाच घाव जास्त दिसतो. लगेच माफ केलंच पाहिजे असं स्वतःच्या मागं लागू नका. ईयोबानं मित्रांसाठी प्रार्थना केली ती सगळ्यात शेवटी, देवानं आधी त्या मित्रांना त्यांची चूक सांगितल्यावर. तोपर्यंत त्या सभेला जायचं नाही आणि त्यांना घरी बोलवायचं नाही, एवढा अधिकार तुम्हाला आहे.

राहिली स्मरणाची सभा. पाळक साहेबांना दिवस जवळ यायच्या आधीच फोन करा, सभेच्या दिवशी ऐनवेळी नको, आणि सांगा की मी साक्ष देणार नाही पण मला 13वं स्तोत्र वाचायचंय. सहाच वचनं आहेत. पहिली चार हे परमेश्वरा कुठवर, माझं ऐक, अशी आहेत आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा आणि गीत आहे. पहिली चार तुम्ही वाचा. शेवटची दोन तोंडातून निघाली तर वाचा, नाही निघाली तर तिथंच थांबून खाली बसा आणि ती दोन सगळ्या मंडळीनं उभं राहून तुमच्यासाठी म्हणायची, हे पाळक साहेबांशी आधीच ठरवून ठेवा, मंडळी त्यासाठीच असते. लेकीला वाचावंसं वाटलं तर तिला वाचू द्या. मिस्टरांबद्दल कुणीतरी बोलायला पाहिजे, तर त्यांच्या कारखान्यातल्या एखाद्या दोस्ताला बोलवा, तो ख्रिस्ती नसला तरी चालेल, माणूस कसा होता ते त्याला सांगू द्या. आणि जेवणाचं महिला मंडळाकडं सोपवा, त्या दिवशी तुम्ही गॅसपुढं उभ्या राहू नका.